धावून जाणाऱ्यांचा वाली कोण?

अमेरिकेतील टेक्सास राज्यात वेस्ट नावाचे एक लहानसे गाव आहे. १७ एप्रिल २०१३ रोजी संध्याकाळी ७ वाजून २९ मिनिटांनी तिथल्या खताच्या कारखान्याला आग लागल्याची वर्दी आली. गावाचे अग्निशमन दल स्वयंसेवकांचे. दिवसभर आपापला कामधंदा करायचा आणि वर्दी आली की बंब गाठायचा, अशी ही माणसे. ती नेहमीसारखीच धावली, पाइप टाकू लागली. ७ वाजून ५१ मिनिटांनी आतल्या अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. १५ जण गेले. त्यातले १२ जण आग विझवायला किंवा मदतीला धावलेले होते. पुढे अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने चौकशी केली, तेव्हा एक विसंगती ठळकपणे समोर आली. टेक्सासमध्ये पगारी अग्निशामकाला राज्य आयोगाचे प्रमाणपत्र बंधनकारक आहे. स्वयंसेवकाला मात्र किमान प्रशिक्षणाचीही सक्ती नव्हती. आग दोघांसाठी सारखीच. केस कापायलासुद्धा परवाना लागणाऱ्या राज्याची ही तऱ्हा.

अमोनियम नायट्रेटचा मोठा साठा आगीत सापडला तर पाणी मारत बसू नये, मागे हटावे आणि आसपासची माणसे लांब न्यावीत, हे जाणकारांना ठाऊक असते. पण डोळ्यांसमोर आपले गाव जळत असताना मागे हटण्याचे शहाणपण अंगच्या धाडसातून येत नाही. ते कोणीतरी शिकवावे लागते, पुन्हा पुन्हा घोटून घ्यावे लागते. स्वयंसेवी अग्निशामकांवर सरकारने नियमांचे बंधन घालावे की नाही, या वादात आमचे माप कोणत्या पारड्यात पडते ते इथेच स्पष्ट व्हावे. बंधन हवेच. पण ते कोणते, किती आणि कोणाच्या खर्चाने, हा खरा प्रश्न आहे.

कारण विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही पोकळ नाही. अमेरिकेतील सुमारे दोन-तृतीयांश अग्निशामक स्वयंसेवक आहेत. पेनसिल्व्हेनिया राज्यात १९७० च्या दशकात तीन लाखांच्या आसपास स्वयंसेवक होते. २०१८ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने नेमलेल्या आयोगाने ती संख्या ३८ हजारांच्या घरात आल्याचे नोंदवले. नोकऱ्या लांब गेल्या, नवरा-बायको दोघेही कामावर जाऊ लागले, गावे म्हातारी झाली. त्यात प्रशिक्षणाचे तास वाढत गेले आणि ते तास भरायचे रात्री किंवा सुटीच्या दिवशी. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाने आपत्कालीन सेवांसाठी नवी नियमावली प्रस्तावित केली. प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी, साधनसामग्री, नोंदवह्या असा तिचा आवाका होता. त्याबरोबर खेड्यापाड्यांतून ओरड झाली, की हे नियम लागू झाले तर आमच्या दलांना कुलूप लागेल. भजी तळून आणि लॉटरीची तिकिटे विकून ज्यांचा बंब चालतो, त्यांना महानगराचा नियम लावला तर दुसरे काय होणार? (तिकडे भजी नसतात, पॅनकेक असतात, व्यवहार तोच.) नियम कागदावर कडक आणि गावात बंब चालवायला माणूस नाही, असे झाले तर त्यातून कोणाचाच जीव वाचत नाही.

पण नियमच नसले तर काय होते, हे न्यूयॉर्क राज्यातल्या लेअर्ड्सविलमध्ये २००१ च्या सप्टेंबरात दिसले. प्रत्यक्ष आगीचा अनुभव नसलेल्या एका १९ वर्षांच्या नव्या स्वयंसेवकाला सरावासाठी जुन्या घरात अडकलेला जखमी म्हणून वरच्या मजल्यावर ठेवले आणि खाली आग पेटवली. आग आवाक्याबाहेर गेली. मुलगा वाचला नाही. सराव घेणाऱ्या अधिकाऱ्याला न्यायालयाने दोषी ठरवले, आणि सरावाच्या आगीत जिवंत माणसाला जखमी म्हणून ठेवायचे नाही, हा नियम त्यानंतर कायद्यात आला. तो अधिकारीही स्वयंसेवकच होता. कोणाच्याही मनात वाईट नव्हते, पण शिकवणाऱ्याला कोणी शिकवले आहे का, हे तपासणारी यंत्रणा नव्हती.

जर्मनीने यातून बराच व्यवहारी मार्ग काढला आहे. तिथे सुमारे १० लाख माणसे स्वयंसेवी अग्निशमन दलात आहेत. दल ठेवणे ही नगरपालिकेची कायदेशीर जबाबदारी आणि कायदा प्रत्येक राज्याचा. नवख्याचे प्राथमिक शिक्षण टप्प्याटप्प्याने होते. श्वसनयंत्र पाठीवर घेऊन धुरात शिरायचे असेल तर वेगळे प्रशिक्षण आणि वेगळी वैद्यकीय तपासणी लागते; ती नसेल तर माणूस बाहेर राहून पाइप सांभाळतो, पंप चालवतो, पण दलातून बाद होत नाही. वर्दीमुळे कामावर खाडा पडला तर मालक पगार कापू शकत नाही आणि मालकाचे नुकसान पालिका भरून देते. पुरेसे स्वयंसेवक मिळाले नाहीत तर नागरिकांवर सक्ती करण्याचा अधिकारही पालिकेला आहे, आणि काही ठिकाणी तो वापरला गेला आहे. चिलीमध्ये तर देशातले सगळेच अग्निशामक स्वयंसेवक. १८५१ मध्ये वल्पाराइसो बंदरात पहिले दल निघाले, तेव्हापासूनची ही परंपरा. तिथले स्वयंसेवक पगार घेणे दूरच, उलट दलाला मासिक वर्गणी देतात. सरकार त्यांना कायद्याने ओळखते, निधी देते आणि त्यांच्या प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय अकादमी आहे. म्हणजे शिस्त आणि सेवाभाव यांत मुळात वैर नाही. अडचण येते ती सरकार शिस्त मागते पण खिशात हात घालत नाही तेव्हा.

आता आपल्याकडे पाहू. राज्यघटनेच्या १२ व्या अनुसूचीनुसार अग्निशमन हे नगरपालिकांचे काम. पंचायतींसाठी ११ व्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत अग्निशमन नाही. गोव्यात संपूर्ण राज्याचे एक अग्निशमन खाते आहे. महाराष्ट्रात पालिकांचे वेगळे, एमआयडीसीचे वेगळे, सिडकोचे वेगळे, आणि गावांचे कोणाचेच नाही. गावात आग लागली की जवळच्या नगरपरिषदेचा किंवा साखर कारखान्याचा बंब येईल तेव्हा खरा. तोवर गावच आग विझवते.

उसाला आग लागते तेव्हा काय होते, हे पश्चिम महाराष्ट्रात कोणालाही विचारावे. दुपारचा वारा, लोंबकळणाऱ्या तारा एकमेकींना घासतात, ठिणगी पडते आणि वाळलेले पाचट पेटते. आरडाओरडा होतो. मिळेल त्या झाडाची ओली डहाळी तोडून पोरे आग झोडपू लागतात. कोणाच्या अंगात टेरिलीनचा शर्ट, पायांत स्लीपर. फवारणीचा ट्रॅक्टर येतो. वारा कुठून आहे, माघारी फिरायची वाट कोणती, वरच्या तारेतला वीजपुरवठा बंद झाला आहे की नाही, हे विचारायला कोणाला सवड नसते. उभा ऊस जळाला म्हणजे कारखान्याकडून कपात ठरलेली, त्यामुळे जो तो जिवावर उदार. डोंगरातल्या वणव्याचेही तेच. वन विभाग जाळरेषा काढतो, हंगामी माणसे नेमतो, पण सह्याद्रीत वणवा पेटला की विझवायला चढतात ती गावातली आणि गिर्यारोहण संस्थांची मुले. त्यातले कोणी भाजले, कोणी दगावले तर सरकारदरबारी त्याची ओळख काय? 'स्थानिक तरुण' एवढीच.

म्हणजे अमेरिकेत भांडण आहे ते स्वयंसेवकाला किती नियम लावायचे याचे. आपण अजून त्याची नोंदसुद्धा केलेली नाही. आपल्याकडे पायाच नाही असेही नाही. नागरी संरक्षण दलात अग्निशमनाचे शिक्षण आहे, पण ते दल मोजक्या शहरांपुरते. ७ मे २०२५ च्या देशव्यापी सरावाच्या वेळी अनेकांना त्याची नव्याने आठवण झाली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'आपदा मित्र' योजना २०१६ मध्ये ३० जिल्ह्यांत ६ हजार स्वयंसेवकांपासून सुरू झाली आणि पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांचे उद्दिष्ट ठेवले गेले. १२ दिवसांचे प्रशिक्षण, साहित्याचा संच, ओळखपत्र, विमा. सांगाडा चांगला आहे. पण १२ दिवसांत शिकलेले उजळणीविना तीन वर्षांनी किती उरते? आणि गावात बंब आला तर त्याच्या पाइपाला हा मित्र हात लावू शकतो का, हे कोण सांगणार?

यासाठी राज्याचे प्रमाणपत्र हवे, गावागणिक वेगळे नको. १९०४ मध्ये बाल्टिमोर शहर जळत होते तेव्हा शेजारच्या शहरांचे बंब मदतीला आले, पण अनेकांच्या पाइपांचे तोंड तिथल्या हायड्रंटला बसेना. १५०० हून अधिक इमारती खाक झाल्या. साधनांचे प्रमाण त्यानंतर ठरले. माणसांचेही तसेच ठरायला हवे: नगरपरिषदेचा जवान, कारखान्याचा कर्मचारी आणि गावचा स्वयंसेवक यांना एकमेकांचे हुकूम कळले पाहिजेत.

मात्र दाखला द्यायचा म्हटले की आपल्या व्यवस्थेचे काय होते, याचाही अनुभव गाठीशी आहे. २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारीत आणि जुलैत इमारतीची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे असते. त्यातली किती प्रमाणपत्रे पाण्याचा थेंब न उडवता मिळतात, हे सोसायट्यांच्या सचिवांना विचारू नये, ते ओशाळतात. स्वयंसेवकाचा दाखला त्या वाटेने गेला तर न दिलेला बरा, कारण खोट्या दाखल्याच्या भरवशावर माणूस धुरात शिरेल. तेव्हा शिक्षण गावात जाऊन द्यावे, कामाप्रमाणे द्यावे. गर्दी आवरणे, वीज तोडायला लावणे, सिलिंडर बाहेर काढावा की नाही ते ओळखणे, भाजलेल्याला सांभाळणे, एवढे दोन सुट्यांत शिकवता येते. शेतातली आणि डोंगरातली आग हा पुढचा टप्पा. जळत्या घरात शिरण्याची परवानगी मात्र पूर्ण प्रशिक्षण आणि वैद्यकीय तपासणी झालेल्यालाच. इर्शाळवाडीची दरड कोसळली तेव्हा डोंगर चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. सेवेतल्या माणसाची ही गत, तर सरावाविना धावणाऱ्याचे काय? काळबादेवीत ९ मे २०१५ ला लागलेल्या आगीमुळे मुंबईच्या अग्निशमन दलाने आपले प्रमुख सुनील नेसरीकर आणि त्यांचे तीन सहकारी अधिकारी गमावले. शिकलेल्यांनाही आग सोडत नाही, म्हणून तर न शिकलेल्याला आत पाठवू नये.

आणि दाखल्याच्या बदल्यात सरकारही काही देणे लागते. विमा, अंगावरचा पोशाख, उपचाराचा खर्च, मृत्यू झाला तर सेवेतल्या जवानाच्या कुटुंबाला मिळते तशी भरपाई, आणि वर्दीवर गेल्याबद्दल नोकरीत खाडा न पडण्याची हमी. सांताक्रूझला राज्याची अग्निशमन अकादमी आहे, नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी केंद्राची ५ हजार कोटींची योजना आहे. पैसे आणि शिक्षक दोन्ही आहेत. ते तालुक्यापर्यंत पोहोचवणारा शासन निर्णय नाही.

मुंबई गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकिन' जहाजाच्या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, बिल्ले टोचले जातात, शाळांत प्रात्यक्षिके होतात. येत्या सप्ताहाआधी राज्य सरकारने निदान एक काम करावे: प्रत्येक तालुक्यात आगीला धावणाऱ्या माणसांची नावे गावागावांतून मागवावीत, त्यांचा विमा उतरवावा आणि त्यांना शिकवायला कोण, कधी येणार ते जाहीर करावे.