माणमध्ये माणसं किती?



तुमच्या घरात माणसं किती? हे तुम्ही चटकन बोटांवर मोजून सांगाल. गल्लीत किती? आता जरा डोकं खाजवाल. आणि अख्ख्या गावात किती? इथे मात्र भल्याभल्यांची गाडी अडते!

पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यात माण नावाचं गाव आहे. शेजारी हिंजवडी. पूर्वी इथे शेतीवर पोट भरणारी घरं होती. पुढे औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडी आणि माणच्या जमिनीवर राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारलं आणि गावाचं रूपच पालटलं. आता इथे कोण कोण राहतं पाहा. गावची जुनी मंडळी आहेत. संगणकावर काम करणारे इंजिनियर आहेत. इमारती बांधणारे गवंडी आणि मजूर, खानावळवाले, रिक्षावाले, पहारेकरी हेही आहेत. कुणी मराठवाड्यातून आलं, कुणी विदर्भातून, तर कुणी थेट बिहारमधून. शिवाय रोज सकाळी कंपन्यांच्या बसमधून येणारी आणि संध्याकाळी परत जाणारी गर्दी वेगळीच! मग माणची माणसं म्हणून मोजायचं तरी कुणाला?

हाच प्रश्न जनगणनेला पडतो. आपल्या देशात १८८१ पासून दर दहा वर्षांनी सगळ्यांची मोजणी होत आली. २०११ साली सुमारे २७ लाख प्रगणक घरोघर फिरले. त्यात कितीतरी शाळेतले गुरुजी आणि बाई होत्या, बरं का! मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीपर्यंत चालली. ज्यांना घरच नाही, त्यांना २८ फेब्रुवारीच्या रात्री जिथे झोपले होते तिथे जाऊन मोजलं. देशाचा आकडा निघाला सुमारे १२१ कोटी, तर महाराष्ट्राचा ११ कोटी २४ लाख.

आणि बाहेरगावी गेलेल्यांचं काय? त्यासाठी नियम होता. मोजणीच्या पूर्ण काळात जो आपल्या घरापासून दूर असेल, त्याला तो जिथे सापडेल तिथेच मोजायचं. आठवा, फेब्रुवारीत साखर कारखान्यांचा हंगाम चालू असतो. बीडकडचे ऊसतोड कामगार तेव्हा गाव सोडून फडाजवळच्या कोप्यांत राहतात. म्हणजे प्रगणकाने त्यांच्या गावातल्या बंद दारावरून परत फिरायचं आणि कोपीत मात्र वाकून आत डोकवायचं. एखादी कोपी नजरेतून सुटली, तर ते कुटुंब कागदावर कुठेच उरत नाही!

आता थोडं गणित करू. माणच्या जवळच्या पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १० लाख १२ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे १७ लाख २७ हजार झाली. म्हणजे दहा वर्षांत सत्तर टक्क्यांनी वाढली. याच काळात सगळा महाराष्ट्र वाढला अवघा सोळा टक्क्यांनी. पिंपरी-चिंचवडही तेवढ्याच वेगाने वाढलं असतं, तर भर पडली असती एक लाख ६२ हजारांच्या आसपास. प्रत्यक्षात पडली सात लाखांच्या वर. मग उरलेली माणसं आली कुठून? काही पाळण्यात जन्मली असतील, पण बरीचशी एसटीतून आणि रेल्वेतून उतरली! कारखान्यांनी, कंपन्यांनी त्यांना बोलावलं म्हणून ती आली.

तुम्ही म्हणाल, आकडा चुकला तर एवढं बिघडलं काय? पाण्याचंच बघा. गावाची नळयोजना आखताना माणशी रोज ५५ लिटर पाणी धरतात. एक हजार माणसं मोजली, तर ५५ हजार लिटरची सोय होईल. पण बांधकामावरची २०० माणसं मोजायची राहून गेली असतील तर? तेच पाणी १२०० जणांत वाटावं लागेल. भागाकार करून पाहा, वाट्याला जेमतेम ४६ लिटर येतं. म्हणजे न मोजलेल्यांचं नुकसान तर होतंच, पण मोजलेल्यांचाही हंडा अर्धवट राहतो.

ग्रामपंचायतीचंही तसंच. तिथे किती सदस्य हवेत हे लोकसंख्येवरून ठरतं. दीड हजारांपर्यंतच्या गावाला ७ सदस्य, पुढे वाढत वाढत साडेसात हजारांच्या वरच्या गावाला १७. बस्स, तिथे शिडी संपते! मग गाव शहराएवढं फुगलं, तरी सदस्य सतराच.

आणखी एक अडचण आहे. २०२१ ची जनगणना कोरोनाच्या साथीमुळे लांबली. त्यामुळे बरीच वर्षं सगळे हिशोब २०११ च्या आकड्यांवर चालले. २०११ साली जन्मलेलं बाळ २०२६ मध्ये पंधरा वर्षांचं होतं. त्याला बाळपणीचं झबलं घालायला गेलं तर कसं व्हायचं? माणसारख्या गावांचं नेमकं तेच होतं. म्हणून पुढची मोजणी मोलाची. तिच्यासाठी १ मार्च २०२७ ही तारीख धरायची, असं सरकारने २०२५ च्या जूनमध्ये जाहीर केलं.

प्रगणक दारात आले की काही जण म्हणतात, "आम्ही इथले नाही हो, गाव आमचं लांब आहे." काही जण घाबरतात, की आपलं नाव लिहून कुणी त्रास तर देणार नाही ना? त्यांना तुम्ही समजावू शकता. जनगणनेच्या १९४८ च्या कायद्याने प्रत्येकाची माहिती गुप्त ठेवावी लागते. कोर्टातही ती पुरावा म्हणून वापरता येत नाही.

आता या आठवड्याचा उद्योग. आईबाबांना सांगून तुमच्या इमारतीची किंवा वाडीची छोटी शिरगणती करा. कुणाचं नाव लिहू नका. फक्त वय, जन्माचं गाव आणि इथे आल्याला किती वर्षं झाली, एवढंच लिहा. मग शून्य ते दहा, अकरा ते वीस असे वयाचे गट पाडा आणि गटागणिक पट्ट्या काढा. सर्वांत लांब पट्टी कोणत्या गटाची? तुमच्याच वाडीत जन्मलेले किती निघाले?

आणि हो, जिन्याखालच्या खोलीत राहणाऱ्या वॉचमनकाकांचं कुटुंब मोजायला विसरू नका. त्यांची मुलंही तुमच्याच वाडीची आहेत. खरं ना?