मुखकांति आणि अधिकारी हात

लग्नसराई जवळ आली, कीं घरोघरीं दोन याद्या होतात. एक वडील माणसांची : कार्यालय, आचारी, मानपान. दुसरी मुलींची, बहुधा कोणास न दाखविलेली : चेहऱ्यावरील डाग, तारुण्यपीटिकांचे वण, ओठांवरील लव. पूर्वीं हळद, मसुराचें पीठ व साय एवढ्यावर ही दुसरी यादी भागत असे. आतां लेसर, आम्लाचे लेप, सुईनें टोचावयाचीं द्रव्यें असे उपाय निघाले असून ते मुंबई-पुण्यापुरते राहिलेले नाहींत. कर्जत, नेरळ, खोपोलीच्या मुलीहि त्यांची चौकशी करतात. वडील मंडळी यावर हांसतात किंवा रागावतात. आमच्या मतें दोन्ही सारखेंच निरुपयोगी. ज्या समाजांत मुलगी पाहावयास आलेला पाहुणा प्रथम तिचा वर्ण पाहतो, त्या समाजानें तिच्या आरशाला नांवें ठेवूं नयेत. शिवाय हांसण्यानें मुलगी उपाय सोडीत नाहीं. ती फक्त घरांत विचारणें सोडते, आणि खरा धोका तेथेंच आहे.

सन २०२३ च्या आरंभीं वृत्तपत्रांत आलेली अकोल्याची हकीकत पुष्कळांच्या स्मरणांत असेल. वीस वर्षांची एक विद्यार्थिनी सौंदर्यप्रसाधिकेकडून मिळालेलें मलम तोंडास लावूं लागली. वर्ण उजळला, ओळखीच्यांनीं वाखाणणी केली, म्हणून आई व बहीण याहि तेंच लावूं लागल्या. पुढें तिघींच्याहि मूत्रपिंडांस विकार जडला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत त्या मलमाची तपासणी झाली, तेव्हां त्यांत पारा फार मोठ्या प्रमाणांत निघाला. पारा त्वचेंत रंगद्रव्य बनूं देत नाहीं, म्हणून वर्ण उजळतो. पण तोच रक्तांत उतरून मूत्रपिंडें बिघडवितो. एकत्र राहणाऱ्या घरांत डबी एकीची म्हणून राहत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.

त्वचेवर शस्त्र चालविणें ही परकीयांची नवलाई आहे, असें मात्र कोणी समजूं नये. सुमारें १७९३ सालीं पुण्यास कुंभार जातीच्या एका कारागिरानें, टिपूच्या लोकांनीं नाक कापलेल्या कावसजी नांवाच्या गाडीवानास, कपाळाची कातडी वळवून नवें नाक करून दिलें. दोन इंग्रज शस्त्रवैद्यांनीं तें पाहिलें, आणि ऑक्टोबर १७९४ मध्यें लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्यें त्याची सचित्र हकीकत छापून आली. त्या कारागिराजवळ पदवी नव्हती, हें खरें. पण त्याचें काम जाणत्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. आज यंत्र घेऊन गांवांत पाटी लावणाऱ्याचें काम कोणीं पाहिलें आहे?

सुश्रुताचार्यांनीं याचा विचार करून ठेविला आहे. नुसतें शास्त्र पढलेला आणि नुसता हात बसलेला, दोघेहि त्यांच्या मतें अपात्र. एका पंखाच्या पक्ष्यासारखे. शिष्यानें आधीं भोपळा, काकडी यांवर छेदनाचा अभ्यास करावा, आणि विद्या पुरी झाल्यावरहि राजाची अनुज्ञा घेऊनच वैद्यकी आरंभावी, असा त्यांचा दंडक. राजाची अनुज्ञा म्हणजे आजच्या भाषेंत वैद्यकीय परिषदेची नोंदणी.

तेव्हां पहिली चौकशी नोंदणीची. एम. बी. बी. एस. नंतर त्वचारोगांत एम. डी., डी. एन. बी. किंवा पदविका घेतलेला तो त्वचारोगतज्ज्ञ. त्याचा नोंदणी-क्रमांक दवाखान्यांत व चिठ्ठीवर असावा, असा नियम आहे. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर घरचा नातू तो दोन मिनिटांत पडताळून देईल. थोड्या आठवड्यांच्या शिक्षणक्रमाचें चौकटींत लाविलेलें प्रमाणपत्र म्हणजे ही नोंदणी नव्हे. भुवया कोरणें, मेंदी, केशरचना हें प्रसाधनगृहाचें काम; तें त्यानें खुशाल करावें. सुई, लेसर किंवा कातडी सोलणारें आम्ल हातीं घेतलें, कीं तें वैद्याचें काम झालें. पाटीवर नांव एकाचें आणि यंत्र दुसऱ्याच्या हातीं, असें होऊं नये, म्हणून “प्रत्यक्ष कोण करणार?” हें आधींच विचारावें.

दुसरी चौकशी औषधाची. नांवगांव नसलेली डबी घरांत आणूं नये. उत्पादक, परवाना, घटक व मुदत हीं वेष्टनावर असलीं पाहिजेत, आणि पावती मिळाली पाहिजे. २०२० च्या प्रसाधनविषयक नियमांप्रमाणें तोंडास लावावयाच्या मलमांत नकळत आलेला पाराहि दहा लक्ष भागांत एका भागाहून अधिक चालत नाहीं. स्टेरॉइडच्या मलमांविषयींहि सावध असावें. त्यांनीं आरंभीं कांति येते; पुढें कातडी पातळ होते, लव वाढते, आणि मलम सोडतांच चेहरा लाल होऊन जळजळतो. अशीं चौदा द्रव्यें २०१८ सालीं सरकारनें वैद्याच्या चिठ्ठीवांचून न विकण्याच्या यादींत घातलीं. शेजारणीची शिफारस म्हणजे चिठ्ठी नव्हे.

तिसरी चौकशी वैद्याच्या बोलण्याची. आपल्या सांवळ्या त्वचेवर लेसर वा आम्ल जरा अधिक झालें, कीं काळे डाग उठतात, उन्हानें गडद होतात, आणि महिनोन्महिने जात नाहींत. म्हणून लग्नाच्या तोंडावर नवा उपाय करूंच नये. सहा महिने आधीं सल्ला घ्यावा. जाणता वैद्य प्रथम थोड्या जागेवर करून पाहतो, धोके सांगून लेखी संमति घेतो, आणि प्रसंगीं “याची गरज नाहीं” असेंहि म्हणतो. “गोरी करून देतों” म्हणणाऱ्याच्या दारावरून परत फिरावें.

गांवांत योग्य वैद्य न आढळला, तर कर्जतेहून लोकल गाडी थेट मुंबईस जाते. परळचें के. ई. एम., भायखळ्याचें जे. जे., शीवचें लोकमान्य टिळक या सार्वजनिक रुग्णालयांत त्वचाविभाग आहेत. एक दिवस मोडेल, पण शंका फिटेल.

वडीलधाऱ्यांस आमची विनंति एवढीच, कीं मुलीस एकटीस धाडूं नये. आईनें, काकूनें किंवा आजोबांनीं बरोबर जावें. स्थळाची जेवढी चौकशी आपण करतों, तिच्या निम्मी वैद्याची केली तरी पुरे. आणि दुसऱ्याची मुलगी पाहावयास जाल, तेव्हां वर्णाचा प्रश्न घरींच ठेवून जावें.