ट्रामचें तिकीट

मागील महिन्यांत आमच्या नातवानें आम्हांस एक साधा प्रश्न विचारिला. "आजोबा, दादर टी. टी. म्हणजे काय हो?" सारें आयुष्य मुलांस शब्दांची व्युत्पत्ति शिकविण्यांत गेलेलें, उत्तर देणें अवघड नव्हतें. 'ट्राम टर्मिनस', म्हणजे ट्रामगाडीचें शेवटचें ठाणें, असें आम्हीं सांगितलें. त्यावर "पण तेथें ट्राम कोठें आहे?" असा दुसरा प्रश्न आला, आणि तो मात्र मनांत घर करून राहिला. वस्तु जाते व नांव मागें राहतें. अशा अनाथ नांवाचा अर्थ सांगणें हें घरांतील वडील माणसांचें काम होय.

मुंबईंत पहिली ट्राम ९ मे १८७४ रोजीं सुरू झाली. ती घोडे ओढीत. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीस जाई, व दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीवरून तेथेंच येई. आरंभीं भाडें तीन आणे असे व तिकीट मुळींच देत नसत. पुढें भाडें दोन आण्यांवर आलें व तिकिटें सुरू झालीं. खडबडीत रस्त्यावर जें ओझें घोड्यांस हलत नाहीं, तेंच गुळगुळीत लोखंडी रुळावर सहज चालूं लागतें. कारण चाकास होणारा अडथळा तेथें फारच थोडा असतो. ट्रामचें सारें रहस्य एवढ्यांत आलें. तरी मुंबईच्या उन्हांत त्या मुक्या जनावरांस कष्ट होतच. उन्हाळ्यांत त्यांच्या डोक्यांवर टोप्या घालीत असत.

पुढें घोड्यांस सुटका मिळाली, आणि ७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम धांवूं लागली. रस्त्यावर ताणलेल्या तारेस गाडीच्या छपरावरील दांडा टेकलेला असे. त्यांतून प्रवाह खालीं उतरून चाकें फिरवी व रुळांवाटे परत जाई. गर्दी वाढली तेव्हां १९२० सालीं दुमजली ट्राम आली. १९४७ च्या ऑगस्टांत हा सर्व कारभार कंपनीकडून मुंबई महानगरपालिकेकडे आला.

परंतु १९२६ सालींच मोटारबस सुरू झाली होती. बस अडथळा चुकवून बाजूनें जाते. ट्राम रुळाशीं बांधलेली. पुढें एक गाडी अडली कीं मागें रांग उभी! मोटारी वाढल्या तसा हा दोष अधिक जाणवूं लागला. १९५३ पासून एकेक मार्ग बंद होत गेला, व ३१ मार्च १९६४ च्या रात्रीं बोरीबंदराहून दादरकडे शेवटची ट्राम गेली.

त्या रात्रीं आमचे वडील चार वर्षांच्या आम्हांस कडेवर घेऊन ती पाहावयास गेले होते. ते कोटांतील एका कचेरींत कारकून. ऐन उमेदीचीं वर्षें त्यांनीं ट्रामनें ये-जा केली होती. आम्हांस त्या रात्रीचें कांहींच आठवत नाहीं. वडिलांनीं मात्र एक जुनें तिकीट आपल्या पत्र्याच्या पेटींत जपून ठेविलें होतें. ते वारल्यावर पेटी आवरतांना, निरुपयोगी कागद म्हणून, आम्हींच तें रद्दींत घातलें. आईनें दुसरे दिवशीं विचारिलें तेव्हां रद्दीवाला येऊन गेला होता. ती कांहीं बोलली नाहीं.

ट्राम बंद करणाऱ्यांस आम्ही मूर्ख म्हणत नाहीं. त्यांच्यापुढील अडचण खरी होती. पण विजेवर चालणारी, धूर न सोडणारी व पुष्कळ माणसें एकदम नेणारी रुळगाडी या शहरास २०१४ पासून मेट्रोच्या रूपानें पुनः आणावी लागली, हेंही खरें. टाकून देतांना वस्तूची किंमत कळत नाहीं, हें पेटी आवरतांना आम्हांस तरी कोठें कळलें?

असो. नातवास आम्हीं ही हकीकत सांगितली. "मग तें तिकीट कसें दिसत होतें?" असें त्यानें विचारिलें. आम्हांस रंगही सांगतां आला नाहीं. वाचकांस इतकीच विनंति कीं, घरांतील जुनी पेटी आवरावयाची असेल, तर ती तिच्या धन्यासमक्ष, त्यास विचारून आवरावी.