किल्ल्याला जीर्णोद्धार नको, डागडुजी हवी

आमच्या गावाला नुसतं धारूर म्हणून भागत नाही, किल्ले धारूर म्हणावं लागतं. नावातच किल्ला आहे. त्यामुळे 'किल्ला वाचवला पाहिजे' म्हटल्यावर नाही म्हणणारा माणूस गावात सापडत नाही. सापडला असता तर बरं झालं असतं, त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. माझं भांडण आहे ते हो म्हणणाऱ्यांशी.

निवडणूक आली की किल्ल्यासाठी कोटींचा निधी येतो. निदान भाषणात तरी येतोच. मग सुशोभीकरण, बगीचा, रंगीत दिवे, प्रवेशद्वारी कमान वगैरे. मला सांगा मंडळी, ज्या किल्ल्याला मूळचेच दरवाजे आहेत त्याला सिमेंटची आणखी एक कमान कशाला? म्हातारीला औषधपाणी नाही आणि नवी नथ करायची चर्चा!

रागाने लिहिते आहे, पण कारण सांगून लिहिते. तट म्हणजे दगडाची एक सलग भिंत, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नसतं. बाहेरून एक घडीव दगडांची भिंत, आतून दुसरी आणि दोन्हींच्या मध्ये दगडगोटे, माती, चुना यांचा भराव. पाऊस वरून या भरावात मुरतो. जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. म्हणून वरचा थर चुन्याने पक्का करायचा, पाण्याला वाट काढून द्यायची आणि सांधे चुन्यात भरायचे. चुना घाणीत मळायचा, बैलाच्या फेऱ्यांवर. त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, उडीद असं जिथे जे मिळेल ते घालत. हा चुना हवा घेत घेत वर्षानुवर्षं घट्ट होतो आणि तरीही ओल बाहेर जाऊ देतो. थोडक्यात, भिंत श्वास घेते.

आता त्याच सांध्यात सिमेंट भरा. बाहेरून काम कसं छान, रेखीव दिसतं! उद्घाटनाच्या फोटोत तर फारच. पण आत मुरलेलं पाणी आतच अडकतं. दोन-चार पावसाळे गेले की भराव फुगतो, भिंतीचं पोट सुटतं आणि एका रात्री सगळं दरीत. दुरुस्त केलेला तट पुन्हा ढासळल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचल्या आहेत. चौकशीची मागणी झाली, ती व्हायलाच हवी. पण आपली समजूत अशी की पैसे कमी पडले किंवा कुणी खाल्ले. तेवढंच कारण नसतं हो. शेकडो वर्षांच्या भिंतीला एका टेंडरच्या मुदतीत 'नवी' करायची ही कल्पनाच मुळात चुकीची आहे.

भिंतीचा दुसरा शत्रू म्हणजे पिंपळ. पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडतं, सांध्यात रुजतं, पहिल्या वर्षी बोटभर असतं. तेव्हा कात्रीने काम होतं. दहा वर्षांनी मूळ मनगटाएवढं झालं की क्रेन लागते, इस्टिमेट लागतं, मंत्रालयात खेटे लागतात. बोटभर रोप कापायला कुणी मंत्री येत नाही, त्याचा फोटोही चांगला येत नाही. म्हणून ते कापलं जात नाही.

वर्षातून दोनदा झुडपं कापणं, मृगाआधी पाण्याच्या वाटा मोकळ्या करणं, निसटलेला दगड त्याच जागी चुन्यात बसवणं आणि गावातलाच एक पगारी पहारेकरी. एवढंच माझं मागणं. याला डागडुजी म्हणतात. आपल्या आया-आज्या दर दिवाळीआधी हेच करायच्या: पोपडे काढायचे, लिंपायचं, सारवायचं. म्हणून मातीची घरं शंभर शंभर वर्षं टिकली.

पैसा कुठून, हा प्रश्न येतोच. जिल्हा वार्षिक योजनेतून ३ टक्क्यांपर्यंत निधी गड-किल्ले, मंदिरं आणि संरक्षित स्मारकांसाठी वापरण्याची तरतूद अलीकडे झालेली आहे. माणसं कुठून, हे तर आपण विचारूच नये. दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की या तालुक्यातून कोयते कारखान्यांवर निघतात. झुडूप मुळाशी कसं छाटावं, हे या लोकांना शिकवायला लागणार आहे का? निघण्यापूर्वी आठ-पंधरा दिवस त्यातल्या वीस-पंचवीस जणांना रोजगार हमीवर किल्ल्याचं काम द्या. १९७२ च्या दुष्काळात याच भागातल्या माणसांनी खडी फोडून रस्ते केले. किल्ल्याचं काम त्याहून हलकं आहे.

स्वच्छता मोहीम काढणाऱ्या तरुण मुलांबद्दल मला मायाच आहे, त्यातले काही माझ्या हाताखालून गेलेले. रविवारी पहाटे उठून प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करणं सोपं नाही. पण पोरांनो, बाईंचं एक ऐका. भिंतीतलं झाड उपटू नका. मुळासकट ओढलं की दगडही सोबत येतो. छाटा, पुन्हा फुटलं की पुन्हा छाटा. मोठ्या मुळाला जाणकाराशिवाय हात लावू नका. गवत पेटवू नका, तापून दगडाला तडे जातात. दगडावर बाण, घोषणा आणि मोहिमेचं नाव रंगवू नका. आणि कोरीव दगड सापडला तर 'सुरक्षित ठेवतो' म्हणून चौकात आणून शेंदूर फासू नका. जिथे सापडला तिथेच त्याचा फोटो काढा, जागा लिहून ठेवा. संरक्षित स्मारकाचा दगड परवानगीशिवाय हलवायचा नसतो, १९६० चा राज्याचा कायदाच आहे तसा आणि तो योग्य आहे.

दगडावरून आठवलं. चौथीच्या वर्गाला मी किल्ला दाखवायला न्यायची. एका वर्षी एक मुलगी तटाजवळ उभी राहून म्हणाली, "बाई, असाच दगड आमच्या उंबऱ्याला आहे." मी हसले. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या आणखी सहा जणांनी सांगितलं की आमच्याकडेही आहे. किल्ला पावसाने आणि पिंपळाने थोडा पडला, थोडा आपण उचलून घरी नेला. यावर भाषणात कुणी बोलत नाही, कारण ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण त्याच उंबऱ्यातून आलेले असतात.

आता एक कुजबुज. समोर कुणी म्हणत नाही, पण चहाच्या टपरीवर चालते, "हा काय महाराजांचा किल्ला आहे का?" नाही. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर दोनच वर्षांत आदिलशाही सरदार किश्वरखानाने तो उभा केला, तोही निजामशाहीच्या उरावर. मुर्तझा निजामशहाने चालून येऊन तो घेतला, त्यात किश्वरखान मारला गेला. १६३१ मध्ये मोगलांच्या आझमखानाने घेतला, आणि तोही कसल्या काळात, तर दुष्काळाने सगळं दख्खन होरपळत असताना. पुढे हैदराबादचा निजाम. गावाला फत्तेहाबाद हेही नाव होतं. पण दगड कुणी फोडले? चुना कुणी मळला? बादशहाने नक्कीच नाही. आणि शहाजीराजांचं निम्मं आयुष्य याच निजामशाही-आदिलशाहीच्या राजकारणात गेलं. ही दोन घराणी वजा करून शिवकाळ शिकवायचा कसा, हे मला तरी नोकरीच्या सबंध काळात जमलं नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, ११ आपले आणि तामिळनाडूतला जिंजी. मला आनंद झाला, पेढेही वाटले. त्यात मराठवाड्यातला एकही नाही. विषयच मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा होता, तेव्हा त्यात तक्रारीला जागा नाही. पण यादीतल्या किल्ल्याला वाली मिळतो. नळदुर्गलाही मिळाला, २०१४ पासून खाजगी कंपनीने तो संगोपनासाठी घेतला. मात्र नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आहे, तिथे पाणीमहाल आहे, पावसाळ्यात गर्दी लोटते. आमच्या घाटावर सीताफळं उत्तम मिळतात, पण सीताफळासाठी कंपनी येत नसते. धारूरकडे धारूरकरांशिवाय कुणी नाही.

एका कार्यालयात मी पहारेकऱ्याबद्दल विचारायला गेले होते. "मॅडम, मोठा प्रस्ताव द्या, छोट्या कामाला हेडच नाही," असं उत्तर मिळालं. कोटींसाठी हेड आहे, कात्रीसाठी नाही!

असो. तर मी छोटाच प्रस्ताव लिहिला आहे, दीड पानाचा. नगर परिषदेच्या अंदाजपत्रकात किल्ल्याच्या डागडुजीसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम धरावी, पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने आणि देखरेखीखाली ती खर्च व्हावी आणि पावसाळ्याआधी व नंतर तटाचे फोटो काढून ते वाचनालयात लोकांना बघायला ठेवावेत. त्यात बगीचा नाही, कमान नाही. आतापर्यंत ४१ सह्या झाल्या आहेत, त्यातल्या नऊ त्या चौथीच्या वर्गातल्या. संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असते.