मामा, ती तोफ खरी होती का?

गेल्या रविवारी टीव्हीवर परत 'तान्हाजी' लागला होता. भाचा आलाय सुट्टीला, वय वर्षं नऊ. जेवणाचं ताट मांडीवर घेऊन बसला तो शेवटपर्यंत हलला नाही. आमटी गार झाली तरी पत्ता नाही. सिनेमा संपला आणि पहिला प्रश्न आला, "मामा, ती तोफ खरी होती का?"

म्हटलं, "नाही रे, ती नागिन तोफ सिनेमावाल्यांनी रचलेली."

"मग दिसली कशी?"

"कॉम्प्युटरवर केली."

"लय भारी!" म्हणाला आणि पळाला खेळायला.

मी मात्र तिथंच बसून राहिलो. कारण हीच गोष्ट मी साधारण त्याच वयात आजीकडनं ऐकली होती. लाईट गेलेली, कंदील लावलेला, पडदा नाही की तोफ नाही. आजीनं गोष्ट संपवली तेव्हा मी विचारलं होतं, "मग रायबाचं लगीन कुणी लावलं?" आजी म्हणाली, "महाराजांनी लावलं." तेव्हा कुठं मला झोप लागली.

गोष्ट एकच. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीची. एका पोराच्या डोक्यात तोफ राहिली, दुसऱ्याच्या डोक्यात बापाविना बोहल्यावर चढणारं पोर राहिलं. माझा भाचा काही दगडाच्या काळजाचा नाही. सिनेमानं त्याला सगळ्यात जास्त वेळ जे दाखवलं, त्याबद्दल त्यानं विचारलं, एवढंच.

२०२० च्या जानेवारीत हा सिनेमा आला तेव्हा मी इथंच दोन ओळी लिहिल्या होत्या की बघताना डोळे दिपले, पण भरून आले नाहीत. जुन्या मंडळींना आठवत असेल काय धुरळा उडाला ते. "तुला इतिहासाचा अभिमान नाही." "मराठी माणसाचे पाय मराठी माणूसच ओढतो." आणि सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य, "स्टोरी जाऊ दे, व्हिज्युअल बघ की राव!"

अभिमान आहेच. पण तो तानाजी मालुसऱ्यांचा आहे, तिकीट काढून बघितलेल्या मालाचा नाही. या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो आणि मग ऐतिहासिक सिनेमाला नावं ठेवणं म्हणजे गडाला नावं ठेवणं होऊन बसतं. ही सोय सिनेमावाल्यांच्या फार फायद्याची आहे.

'तान्हाजी' वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. शरद केळकरांचे महाराज आजही डोळ्यासमोर येतात. सैफ अली खानचा उदयभान बघायला मजा येते, ओम राऊत यांनी कडा, दोर, काळोख, बाण असं काही मांडलंय की खुर्चीत सावरून बसावं. राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. अजय देवगणला अभिनयाचा (सूर्याबरोबर विभागून), शिवाय लोकप्रिय मनोरंजनाचा आणि वेशभूषेचा. सगळं मान्य.

माझी तक्रार वेगळ्या जागी आहे. महाराज मोहीम तान्हाजीपासून लपवतात, कारण त्याच्या घरी लग्न आहे. तो निमंत्रण द्यायला येतो आणि त्याला कळतं. अख्ख्या गोष्टीचा जीव इथं आहे. घरात कार्य काढलेलं आहे, बायकोला काय सांगायचं, पोराच्या तोंडाकडं कसं बघायचं, आणि तरी जायचंय. काजोलसारखी नटी सावित्रीबाई म्हणून समोर उभी आहे. अन् कॅमेऱ्याला घाई! त्याला गडावर जायचंय. दोन मिनिटं त्या बाईच्या चेहऱ्यावर थांबला असता तर पुढची अर्धा तासाची लढाई आपण वेगळ्या नजरेनं बघितली असती. प्रत्येक वार आधी त्या घरावर पडला असता.

तुळशीदास शाहिरानं सिंहगडाचा पोवाडा रचला तेव्हा त्याच्याकडं काय होतं? डफ, तुणतुणं आणि आवाज. तरी माणसं पिढ्यानपिढ्या ऐकत राहिली. शाहिराला ठाऊक होतं की मरणाचं वर्णन कितीही रंगवलं तरी मेला कोण हे आधी ऐकणाऱ्याच्या घरचं व्हावं लागतं.

आता काहीजण म्हणतील, हा माणूस जुन्याचा भक्त, याला तंत्रज्ञानच नको. तसं असतं तर मी कोल्हापुरात राहून हे लिहायची हिंमत केली नसती. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून आपण रोज गाड्या हाणतो. तो ज्यांच्या आठवणीसाठी आहे ते बाबूराव पेंटर मुळात चित्रकार. कॅमेरा इथंच बनवला. याच तानाजीवर त्यांनी १९२३ मध्ये 'सिंहगड' काढला, हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून. आणि रात्रीचे प्रसंग कृत्रिम दिवे लावून घेतले. त्या काळात ही केवढी उडी! त्यांच्या 'सैरंध्री'तला कीचकवध तर इतका खरा वाटला की तो कापावा लागला. म्हणजे दृश्याचा नाद आपल्या गावाला शंभर वर्षांपासनं आहे, काल मुंबईहून आलेला नाही.

पण याच चित्रकारानं १९२५ मध्ये 'सावकारी पाश' केला. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावणारा शेतकरी. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. राजवाडे, लढाया उभ्या करायचं कसब अंगात असलेला माणूस झोपडीकडं वळला. (आणि प्रेक्षकांनी काय केलं? तो चालला नाही. आपण तेव्हाही असेच होतो, उगाच आजच्या पोरांना बोल कशाला लावायचा.)

किल्ल्यावरूनच आणखी एक आठवलं. अविनाश अरुण हा मूळचा कॅमेरामन. त्यानं दिग्दर्शित केलेल्या 'किल्ला'ला २०१४ साली बर्लिनमध्ये क्रिस्टल बेअर मिळालं. त्यातला कोकणचा पाऊस आणि समुद्र इतका देखणा की कुठलीही चौकट कापून भिंतीवर लावा. पण तुमच्या लक्षात काय राहिलं सांगा. वडील गेलेला, आईच्या बदलीमुळं नव्या गावात आलेला अकरा वर्षांचा पोरगा पावसात त्या किल्ल्यात एकटा सापडतो, मित्र पुढं निघून गेलेले. ना तोफ, ना शत्रू. आणि तरी छातीत धस्स होतं. कारण भिंती, अंधार, पाणी हे सगळं त्या पोराच्या आतलं दाखवत असतं. 'तुंबाड' घ्या. तिथंही पाऊस आहे, वाडा आहे, तांबडंलाल गर्भगृह आहे. पण बाप पोराला हस्तरकडनं मोहरा काढायला शिकवतो तेव्हा अंगावर काटा येतो तो हस्तरमुळं नाही. बापाच्या शिकवणीमुळं येतो.

म्हणून "व्हिज्युअल भारी, पण स्टोरी कमजोर" हे वाक्य मला आताशा पटत नाही. दृश्य म्हणजे वेगळा विषय, गोष्ट वेगळा विषय, दोन्हीला वेगळे मार्क आणि बेरीज करून पास, असं होत नाही. जे दृश्य माणसाबद्दल काहीच सांगत नाही ते भारी कसलं? ते महाग असेल.

याची दुसरी बाजूही बोलायला पाहिजे, नाहीतर आपण ढोंगी ठरू. मराठी सिनेमाला आपण उलटी सवलत देतो. "आशय चांगला आहे ना, मग फोटोग्राफीचं काय एवढं!" ट्यूबलाईटच्या उजेडात दोन माणसं सोफ्यावर बसून दोन तास बोलतात आणि आपण त्याला आशयघन म्हणतो. ती तर रेडिओवरची श्रुतिका झाली. तिकडं गोष्टीला माफी, इकडं चित्राला माफी. प्रेक्षक म्हणून आपण फारच मऊ आहोत.

आणि पैशाचं गणित विसरू नका. 'तान्हाजी'नं अडीचशे कोटींच्या वर धंदा केला. मग ज्याच्याकडं त्याच्या शंभराव्या हिश्श्याचंही बजेट नाही तोही निर्माता म्हणतो, गड उभा करा कॉम्प्युटरवर. तो गड मग केकावरच्या चित्रासारखा दिसतो, आणि लेखकाला द्यायचे पैसे त्यातच संपलेले असतात. खरा गड दीड तासाच्या अंतरावर, आणि खरी गोष्ट आजीच्या तोंडात, फुकट.

असो. काल रात्री लाईट गेली होती आमच्या भागात. भाच्याला तीच गोष्ट सांगितली, मला जमेल तशी. आजीसारखी काही जमली नाही, मधेच घोरपडीवरनं गाडी भलतीकडं गेली. "घोरपड खरंच माणसाचं वजन पेलते का" यावर दहा मिनिटं वाद झाला. पण शेवटी तो गप्प झाला आणि थोड्या वेळानं अंधारातनं आवाज आला, "मामा, त्यांच्या घरी कुणी सांगितलं?"

मला उत्तर माहीत नव्हतं.

तुमच्या घरातल्या पोरांनी हा सिनेमा बघून काय विचारलं होतं, ते खाली लिहा. तोफेबद्दल असलं तरी चालेल.