मालकाची नजर पोहोचत नाही तेथे

आर्वी, देवळी किंवा हिंगणघाटच्या शिवारात पाण्याची मोटर जळते, तेव्हा शेतकऱ्याच्या दारी मालक जात नाही. त्याचा कारागीर जातो. तेथे देखरेख कोणाचीच नसते. सुटा भाग खरोखर निकामी झाला होता काय, हे कारागिरालाच ठाऊक! म्हणून चार-पाच माणसांच्या अशा व्यवसायाचे खरे भांडवल म्हणजे कारागिराची सचोटी. भाग खपविण्यावर दलाली देणारा मालक ती आपल्याच हाताने गमावतो.

गांधीजी १९३६ साली याच जिल्ह्यातील शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामी, राहावयास आले. आश्रमात सफाईचे काम सर्वांनी केले. कोणतेही काम हलके मानले नाही. विनोबांनी १९५९ मध्ये पवनारला स्थापिलेल्या ब्रह्मविद्या मंदिरात सर्वसंमतीने निर्णय घेण्याची रीत रुजली.

छोट्या व्यावसायिकाला यातून पुष्कळ घेता येईल. ठरल्या दिवशी वेतन द्यावे, वैशाखातील भर दुपारी कामाची सक्ती करू नये, वीजप्रवाह बंद केल्याविना तारेस हात लावू देऊ नये आणि कामाची आखणी कारागिरांना विचारून करावी. चूक कबूल करणाऱ्याला चारचौघांत अपमानित करू नये. कारण भीतीपोटी दडविलेली चूक अखेर शेतकऱ्याच्या पिकाच्या मुळावर येते.

दुकानात ज्याला मान मिळतो, तोच परक्याच्या बांधावर दुकानाचा मान राखतो.