नंदिनीवर भाळणारा वाचक चुकतो का?



कल्कींच्या ‘पोन्नियिन सेल्वन’विषयी गेल्या अंकातल्या पत्रलेखकाची तक्रार अशी, की वाचक कारस्थानी नंदिनीवर भाळतात आणि चोळांची बाजू विसरतात. मला हा आक्षेप पटत नाही. १९५० ते १९५४ या काळात साप्ताहिकातून क्रमशः आलेल्या या पाच भागांच्या कादंबरीत बऱ्याच घटना आपण पाहतो त्या वंदियत्तेवनाबरोबर. आणि हा निरोप्या उतावळा, बोलघेवडा, देखण्या चेहऱ्याला भुलणारा. आमच्या कुंभकोणमच्या ज्योतिषाच्या घरात तो शिरतो तोही असाच, आगंतुकासारखा. अशा माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेली नंदिनी निव्वळ खलनायिका कशी दिसेल? शिवाय तिचं दुःख कल्की तिच्याच तोंडून वदवतात.

कोणी म्हणेल, पुढचा अंक खपावा म्हणून राखलेलं हे गूढ आहे. काही अंशी असेलही. पण चोळ युवराज आदित्य करिकालनाच्या खुनाचा प्रसंग पाहा. उडैयारकुडीच्या शिलालेखात रविदासन आणि त्याच्या भावांना द्रोही ठरवलं आहे, म्हणजे गुन्हेगार आयते हाती होते. रविदासन कादंबरीत आहेही. तरी ऐन क्षणी अंधार होतो, वंदियत्तेवनाचा गळा आवळला जातो आणि त्याच्याबरोबर वाचकही आंधळा होतो. वर खुनाचा आळ त्याच्यावरच! हा गुंता कादंबरी संपतानाही पुरता सुटत नाही. केवळ खपाचा हिशेब असता, तर तोवर सुटला असता. आणि शिलालेखांत कुठेच न सापडणारी नंदिनी कल्कींनी मुद्दाम रचली, ती फक्त तिरस्कारासाठी असेल असं मला वाटत नाही.

— एक वाचक, कुंभकोणम